आधी पाण्याचा हिशेब द्या

यवतमाळ जिल्ह्यात पाणी कमी आहे, हे विधान खोटं आहे. दरवर्षी मार्च उजाडला की ते कार्यालयांतून बाहेर पडतं, सभांमधून फिरतं आणि एप्रिलपर्यंत आपणही तेच बोलू लागतो. म्हणून ते एकदा आकड्यांनिशी खोडून काढायला हवं.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. वर्षाचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटर धरा. गुणाकार केला की बारा हजार दशलक्ष घनमीटर, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या भाषेत बारा हजार दलघमी पाणी दरवर्षी या जिल्ह्याच्या अंगावर पडतं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २७ लाख ७२ हजार. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. त्या मापाने सगळ्या जिल्ह्याला वर्षभर प्यायला, रांधायला, धुवायला लागतं सुमारे ५६ दलघमी. गुरांचं धरून दुप्पट करा. तरी तो पडणाऱ्या पावसाचा शंभरावा भागसुद्धा होत नाही.

सगळा पाऊस अडवता येत नाही, हे मलाही कळतं. काही वाफ होऊन जातो, काही नदीने वाहतो, बराचसा पिकं आणि माती पितात. त्यातच आपल्या जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी इथे जमिनीत राहतं. हे सगळं वजा करा. पण धरणांत अडवलेलं पाणी तरी मोजाल की नाही? बेंबळा १८४ दलघमी, अरुणावती १७०, पूस ९१, निम्न पूस ६०. या चारच धरणांचा उपयुक्त साठा पाचशे दलघमीच्या घरात जातो. लहानमोठे मध्यम आणि लघु प्रकल्प वेगळेच. प्यायला हवं छप्पन्न, चार धरणांत पाचशे, आणि तरीही मे महिन्यात बाई डोक्यावर गुंड घेऊन वावरातल्या विहिरीकडे निघते. याला दुष्काळ म्हणणाऱ्याने हा हिशेब चुकवून दाखवावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. या जिल्ह्यात पाण्यावर पैसा खर्च होतो, बांधकामं होतात, उद्घाटनं होतात. पण अडवलेलं पाणी कुठे गेलं, कुणाला मिळालं, कुणाचं हिरावलं गेलं, याचा जाब द्यायला कुणीही बांधलेलं नाही. जोवर हा जाब मागितला जात नाही, तोवर आणखी दहा धरणं बांधली तरी आपली तहान तशीच राहील.

सरकारी दप्तरातला टंचाई आराखडा बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, असे त्याचे तीन टप्पे. उपाययोजनाही ठरलेल्या: विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना आणि शेवटी टँकर. पाऊस चांगला झाला तरी हा आराखडा होतो, वाईट झाला तरी होतो. टंचाई येणारच, हे गृहीत धरून शासन कामाला बसतं. ज्या गावाचं नाव या यादीत पुन्हा पुन्हा येतं, त्या गावात आधी केलेल्या कामाचं काय झालं, हा रकाना त्यात कुठे असतो? दुरुस्त केलेली नळयोजना पुन्हा ‘विशेष दुरुस्ती’साठी येते, तेव्हा पहिल्या दुरुस्तीचं बिल कुणी काढलं, हे विचारलं जात नाही. तात्पुरत्या उपायांवर पिढ्या काढणं हा गरीब माणसावरचा अन्याय आहे.

तो अन्याय जवळून बघायचा असेल तर उन्हाळ्यात पुसदच्या माळपठारावर जा. टँकर तांड्यावर येतो आणि बहुतेक वेळा तोटीतून पाणी वाटत नाही. विहिरीत पाइप सोडून रिकामा होतो. पाणी कोरड्या तळावर आदळतं आणि तळातला गाळ वर येतो. काठावर बाया, पोरी, म्हाताऱ्या दोर सोडून उभ्या असतात. जिचा दोर लांब आणि हात चपळ तिचे गुंड भरतात. जी म्हातारी आहे, जिच्या कडेवर लेकरू आहे, तिच्या बादलीत चहासारखं गढूळ पाणी येतं. ते ती पदराने गाळते, त्यात तुरटी फिरवते आणि निवळायची वाट बघते. कागदावर मात्र माणशी वीस लिटर वाटप पूर्ण झालेलं असतं.

आणि हे कुठे घडतं? पुसद तालुक्यात! याच तालुक्यातल्या गहुलीने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात राज्य त्यांच्याच हाती होतं. सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं केलं. राज्याला जलसंधारण शिकवणाऱ्या माणसाच्या तालुक्यात आज विहिरीत टँकर ओतावा लागतो. त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी आधी माळपठारावरच्या विहिरीत डोकावून यावं.

शहराची कथा वेगळी नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले. नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस पाणी नव्हतं. ज्याच्याकडे पैसे होते त्याने खासगी टँकर घेतला, ज्याच्याकडे नव्हते त्याने ड्रम रस्त्यावर ठेवून रात्र जागून काढली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरावर हेच संकट होतं. तिथे पालिकेने फेब्रुवारीपासून माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा घातली, धरणातला साठा आणि शहराचा वापर दर आठवड्याला जाहीर केला, आणि नळ कोरडे पडण्याचा दिवस टळला. केपटाऊनची बातमी जगाने वाचली. आपल्या शहरातला माणूस मात्र आपल्या धरणात किती दिवसांचं पाणी उरलं आहे, हे शेजाऱ्याला विचारत बसला. दोन्ही शहरांत पाणी कमी होतं. फरक पडला तो हिशेब उघडा ठेवण्याने.

मग उपाय म्हणून बेंबळ्याचं पाणी शहरात आणण्याची अमृत योजना आली, तीनशे कोटींच्या घरातली. शहर तहानेने व्याकूळ असताना, २०१८ मध्येच, या योजनेचे पाइप चाचणीत फुटले. मार्च २०२३ मध्ये तर भर शहरात जमिनीखालची पाइपलाइन अशी फुटली की डांबरी रस्ता वर उचलला गेला, चिरला, आणि पाण्याचा लोट उसळला. स्कूटरवरून जाणारी एक महिला त्यात जखमी झाली. ती चित्रफीत देशभर फिरली. आपल्या जिल्ह्याचं नाव देशाने ऐकलं ते या कारणासाठी. पाइप कसा होता, तो कुणी तपासला, कुणी पास केला, या प्रश्नांची उत्तरं मिळण्याचा हक्क घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. ती उत्तरं यवतमाळकरांपुढे कुणी मांडली?

आता बेंबळ्याकडे वळू. बाभूळगाव तालुक्यातल्या या धरणाची मूळ किंमत १९९२ च्या सुमारास दोनशे कोटींच्या आत होती. ती फुगत फुगत दोन हजार कोटींच्या पलीकडे गेली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, २,१७७ कोटी, सिंचनाला होता. आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाने आलेला पैसा होता तो! सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, विजय पांढरे या मुख्य अभियंत्याने सिंचनातल्या गैरव्यवहारावर पत्र लिहिलं आणि राज्य हादरलं. उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला, ते परत आले, श्वेतपत्रिका निघाली, चितळे समितीचा अहवाल आला. पुढे बेंबळ्याचं नाव केंद्राच्या प्राधान्याच्या ९९ प्रकल्पांत गेलं. ते सगळे प्रकल्प २०१९ अखेर संपवायचे होते. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी धसाला लावला नाही: शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का?

त्याचं उत्तर हवं असेल तर कालव्याच्या काठाने शेपटाकडे चालत जा. मुखाशी कालवा भरलेला दिसतो. पुढे काळ्या मातीच्या भरावावरचं अस्तर खचलेलं असतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती अस्तराला धरून ठेवणार नाही, हे अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणूनच अशा कालव्याला दरवर्षी देखभाल लागते. ती न झाली की फटीतून बेशरमाची झुडपं उगवतात, गाळ साचतो आणि पाणी आडवं पसरतं. मग ज्याचं शेत कालव्यालगत आहे त्याच्या वावरात पाझर लागून जमीन चिबडते, आणि ज्याचं शेत शेवटी आहे तो कोरडाच राहतो. एकाच कालव्याने दोघांना बुडवलं. नव्या बांधकामाला हजारो कोटी मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. कारण देखभालीची कोनशिला बसत नाही आणि तिच्यात टक्का मोठा निघत नाही. गळक्या रांजणात घागरीवर घागर ओतत राहायचं आणि रांजण भरत नाही म्हणून आभाळाला दोष द्यायचा, हा आपला जलविकास.

दक्षिणेला पैनगंगेच्या काठी तर डोळ्यांदेखत नदी मरते. याच नदीवरच्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठा ९६४ दलघमी, म्हणजे वर सांगितलेल्या चारही धरणांच्या जवळजवळ दुप्पट. धरण आपल्या पुसद तालुक्याच्या हद्दीवर आहे, जमिनी बुडाल्या त्यात आपल्याही होत्या. लाभक्षेत्राचा मोठा वाटा नांदेड-हिंगोलीकडे आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पाण्यावर माझा डोळा नाही. तोही आपल्याइतकाच पोळलेला आहे. पण उन्हाळ्यात उमरखेड-महागावच्या नदीकाठच्या गावांना प्यायला पाणी हवं म्हणून कोरड्या पात्रात बसून आंदोलन करावं लागतं, निवेदनं द्यावी लागतात, आणि मग उपकार केल्यासारखं पाणी सुटतं. नदीकाठच्या माणसाचा आणि जनावराचा नदीच्या पाण्यावर पहिला हक्क आहे. तो हक्क वार्षिक नियोजनात तारखेनिशी लिहिलेला असलाच पाहिजे. त्यासाठी दरवर्षी वाळूत बसायला लावणं ही सरळसरळ मुजोरी आहे.

पूर्वेला, पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यात आणखी भीषण गोष्ट आहे. तिथे पाणी असूनही विष आहे. खडकातलं फ्लोराइड भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. इथल्या कित्येक हातपंपांनी ती कितीतरी पट ओलांडली आहे. शाळेतल्या पोराने हसून बघितलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. पन्नाशीतल्या माणसाला पाठ सरळ करता येत नाही, गुडघे वाकतात. यात कोलाम आहेत, गोंड आहेत, ज्यांचा आवाज यवतमाळच्या कचेरीपर्यंतसुद्धा पोचत नाही, मंत्रालय तर दूरच. भूगर्भतज्ज्ञांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे, शोधनिबंध छापून झाले आहेत. त्यावर उपाय काय झाला? हातपंपाला लाल रंग मारला. शुद्धीकरण यंत्रं बसवली, पण गाळणी बदलायला आणि वीजबिल भरायला पैसा ठेवला नाही, म्हणून ती बंद पडली. बाई पुन्हा त्याच हातपंपावर गेली, कारण दुसरा नव्हता. या गावांना धरणाचं पाणी सर्वांत आधी मिळायला हवं होतं. त्याच पट्ट्यात कोळशाच्या उघड्या खाणी रात्रंदिवस पाणी उपसून बाहेर टाकतात आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली जाते. कोळशाचा टनाटनाने हिशेब होतो, उपसलेल्या पाण्याचा हिशेब गावाला का मिळत नाही?

मागणी वाढली आहे, हे खरं. १९५१ साली या देशात माणशी वर्षाला पाच हजार घनमीटरच्या वर पाणी उपलब्ध होतं. २०११ साली ते दीड हजारांवर आलं. लोक वाढले, शहरं वाढली, बोअर वाढले. पण वाढत्या मागणीचं खापर कोरडवाहू कापूसवाल्यावर फोडू नका. राज्यात उसाच्या थोड्या क्षेत्रावर सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा जातो. यवतमाळचा शेतकरी पावसावर कापूस, सोयाबीन, तूर पिकवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने दडी मारली की त्याला हवं असतं एखाद-दुसरं ओलित. बोंड भरण्यापुरतं. तेवढं पाणी वेळेवर मिळालं तर घर सावरतं. ते मिळत नाही. कारण कालव्याचं आवर्तन त्याच्या पिकाच्या वेळेला नसतं, आणि विहिरीत पाणी असलं तर वीज रात्री येते. आमच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या शेताची वीज कापली गेली होती आणि उभं पीक वाळलं होतं. तो इशारा होता: पाणी जमिनीखाली असणं पुरेसं नसतं, ते पिकापर्यंत पोचवण्याची व्यवस्था माणसाच्या बाजूची असावी लागते. इतकी वर्षं उलटली तरी ती व्यवस्था आपण बदलली नाही.

आता नवं स्वप्न आलं आहे, वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्प. चारशे किलोमीटरहून लांब कालवा, ऐंशी हजार कोटींहून जास्त खर्च, सहा जिल्हे, त्यात आपला यवतमाळ. पाणी येणार कुठून? गोसीखुर्दमधून. त्या गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केली. तीनशे बहात्तर कोटींचा अंदाज अठरा हजार कोटींपलीकडे गेला, तरी पिढी उलटून ते काम सुरूच राहिलं. ज्यांना बेंबळ्याचं पाणी मारेगावच्या शेवटच्या चारीपर्यंत नेता आलं नाही, ते भंडाऱ्याचं पाणी बुलढाण्याला नेणार, यावर विश्वास ठेवायचा कशाच्या बळावर? निम्न पैनगंगेचंही तेच. १९९७ साली मंजुरी, १,४०२ कोटींचा प्रकल्प दहा हजार कोटींवर, आणि नव्वदहून जास्त गावं बुडणार म्हणून काठावरचे लोक वर्षानुवर्षं लढत आहेत. त्यांना विकासाचे शत्रू म्हणू नका. आधीच्या धरणांनी उठवलेल्या माणसांचं काय झालं, हे त्यांनी बघितलं आहे.

लहान कामं तरी नीट झाली का? जलयुक्त शिवारवर राज्याने साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च केले. पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असं २०२० मध्ये ‘कॅग’ने लिहिलं. नाला खोदला, छायाचित्र काढलं, बिल निघालं, पुढे कुणी मोजलं नाही. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. आपल्या निम्म्याने पाऊस. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती ठेवायचं, उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं, हे गाव ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. तिथे टँकर लागत नाही. निम्म्या पावसाच्या गावाला जे जमतं ते आपल्याला जमू नये, याचं खापर तरी आपण कुणावर फोडणार?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक धरणाचा साठा, आणि त्यातून पिण्याला, शेतीला, कारखान्याला किती गेलं, हे दर आठवड्याला गावाच्या फलकावर मराठीत लागलं पाहिजे. पिण्याचं आरक्षण ऑक्टोबरमध्ये ठरेल आणि ते मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद होईल. बेंबळा आणि अरुणावतीच्या शेवटच्या चारीला सलग तीन हंगाम पाणी पोचल्याचं तिथल्या शेतकऱ्यांच्या सह्यांनी सिद्ध होईपर्यंत जिल्ह्यात नव्या मोठ्या प्रकल्पावर रुपया खर्च होता कामा नये. तो पैसा देखभालीला द्या. फ्लोराइडच्या गावांना धरणाचं पाणी पहिल्या क्रमांकाने द्या. पैनगंगेत उन्हाळ्यात पाणी कोणत्या तारखांना सुटणार, हे आधीच जाहीर करा. २००९ चा भूजल कायदा कपाटातून काढून गावाच्या पाणलोटावर लागू करा.

आणि आपणही आरशात बघू. शहरात नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी खेचणारा, गावात सार्वजनिक विहिरीजवळ रातोरात बोअर मारणारा, हे चोरच आहेत. ग्रामसभेला आपण जात नाही आणि ती दहा माणसांच्या सह्यांनी उरकली जाते, याला आपणच जबाबदार आहोत. गावाने स्वतःचा ताळेबंद मांडला नाही तर सरकारकडे मागायला तोंड उरत नाही.

येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टंचाई आराखड्यावर सही करू नका. आधी तीन आकडे मागा: आपल्या शिवारात किती पाणी आलं, ते कुणी वापरलं, आणि मागल्या वर्षीच्या कामाचे पैसे कुणाला गेले. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता, ज्याला विचारावं लागेल त्याला उभं करून विचारा. आणि मत मागायला जो दारात येईल त्याच्यापुढेही हेच तीन आकडे ठेवा. ज्याला ते सांगता येत नाहीत, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला मत देऊ नका.